डाव्या चाकाचं नरसाळं

पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाच्या फळीखाली कातरणाचा ढीग असतोच. तिरके, त्रिकोणी, कशाच्याच कामाचे नसलेले तुकडे. फेकायला जावं तर फेकवत नाहीत, आणि एक उचलावा तर त्यात अडकून चार वर येतात. शिवाय प्रत्येकाला धार! आमच्या शेडमधले किस्से तसेच आहेत. परवा दवाखान्यात नंबर लावून बसले होते. शेजारच्या बाईंना एक सांगितला. माझा नंबर येईपर्यंत सहा झाले, आणि त्या बाईंनी आपला नंबर केव्हाच सोडून दिला होता!

म्हणून म्हटलं, लिहूनच काढावेत. मी शाळेत दुसरीपर्यंत. पुढचं वाचन पुडीच्या कागदांवर आणि रंगाच्या डब्यांवर झालं. शुद्धलेखनाच्या चुका काढणाऱ्यांनी आधी पत्रा सरळ रेषेत कापून दाखवावा, मग बोलावं.

आणखी एक आधीच सांगते. यातल्या प्रत्येक किश्श्यात मी कुणावर तरी जळत असते. लपवत नाही. लोक म्हणतात, जळू नये. मी म्हणते, का? मला जे काही येतं ते सगळं, हे दुसऱ्याला येतं आणि मला येत नाही, या जळफळाटातून आलेलं आहे.

०

एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. नगरच्या बाहेर नागापूरच्या रस्त्याला दादासाहेबांची शेड होती. दादासाहेब म्हणजे तिशीतला माणूस, घरची तेलाची गिरणी, आणि डोक्यात एकच खूळ. शर्यतीची गाडी! लालभडक, आणि इतकी बुटकी की तिच्यात बसायचं म्हणजे जवळजवळ निजायचंच. ती ट्रकवर चढवून ते मद्रासकडं कुठल्याशा जुन्या विमानपट्टीवर शर्यतीला जायचे, आणि सगळ्यांच्या शेवटी येऊन परत यायचे. कारण ब्रेक. चार चकरा झाल्या की पुढचे ब्रेक असे तापायचे, की पाय दिला तरी गाडी थांबायला तयार नाही.

उपाय त्यांना ठाऊक होता. गाडीच्या नाकातून वारा घ्यायचा, आणि नळीतून नेऊन थेट चाकातल्या ब्रेकवर सोडायचा. बोलायला सोपं!

शेडचा कारभारी याकोब मिस्त्री. त्यानं वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेतला, दोन्ही बुडं कापली, आणि तारेनं गाडीच्या नाकाखाली बांधला. त्या वेळी मी शेडच्या छपरावर होते. पन्हाळ गळत होती, ती बसवायला मला बोलावलं होतं. वरून सगळं दिसत होतं. गाडी सुटली, पहिल्याच खड्ड्यात तार तुटली, आणि डबा गडगडत गाडीच्या पुढं निघाला. मागून गाडी, पुढं डबा! फाटकाबाहेर आधी डबा गेला.

मी छपरावर बसून खदाखदा हसले. दादासाहेबांनी वर बघितलं. "बाई, हसायला काय झालं?"

"काय न्हाई मालक. तुमच्या घरातली एक वस्तू पैली आली!"

खाली उतरले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्हाला येईल का असं काही करायला?" मी जन्मात तसली वस्तू पाहिली नव्हती.

"येईल की," म्हटलं. याकोब मिस्त्रीचं तोंड बघण्यासाठी मी विमानसुद्धा करते म्हणाले असते.

०

आता याकोब मिस्त्रीबद्दल. माणूस वाईट नव्हता, हे मी आज लिहिते. तेव्हा विचारलं असतं तर लिहिलं नसतं.

त्याला खाकी डांगरी होती, मला पदर खोचावा लागायचा. त्याला चहा कपबशीतून, मला गिलासातून. त्याला सगळे 'मिस्त्री' म्हणायचे. नवऱ्याचे डोळे अधू झाल्यापासून दहा वर्षं कातर माझ्या हातात होती, पण मी नुसती 'अक्का'. माहेरी सोनईला मला अक्का म्हणत, सासरी म्हणत, आणि शेडमध्येही तेच. पन्हाळ लावा, बंब करा, पिठाच्या गिरणीचा कोठा करा, अक्का ती अक्काच!

पण खरी आग त्याच्या कानाची. इंजिन चालू असताना मोठा स्क्रू-ड्रायव्हर त्यावर टेकवायचा, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि सांगायचं, "तिसऱ्या नंबरात गडबड हाय." खोलून बघावं तर तिसऱ्यातच! लोक त्याच्याकडं देवळात बघावं तसं बघायचे.

मी घरी आले. दार लावलं. उलथनं घेतलं, एक टोक चुलीवरच्या पातेल्याला टेकवलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले.

नवरा कोपऱ्यात बसला होता. त्याला दिसायचं कमी, पण नको ते बरोबर दिसायचं. म्हणाला, "काय म्हणतंय?"

"डाळ शिजली न्हाई."

"हे तर मला हितून वासावरून कळतंय," तो म्हणाला. "मीच मोठा मिस्त्री म्हणायचा!"

०

मला काम द्यायच्या आधी दादासाहेबांनी पुण्याहून एक इंजिनिअर आणले. सज्जन माणूस. ड्रॉइंगचा बोर्ड, सहा प्रकारच्या पेन्सिली, आणि परदेशातून आणलेली नळी. कापडाची, आत तारेची वेटोळी, वाकवावी तशी वाकणारी. ती नळी बघून माझा जीव असा तळमळला! मी पत्र्याला एक कोपर काढायचं म्हणजे तासभर ठोकायची, आणि हे महाराज हातानं वाकवतायत!

साहेबांनी गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली. चाकं हवेत लोंबत होती, एकदम सरळ. साहेब खाली गेले, मापं घेतली, नळी नाकापासून ब्रेकपर्यंत लावली, पट्ट्यांनी आवळली. काय देखणी दिसत होती! मिस्त्री म्हणाला, "वा साहेब!" दादासाहेब म्हणाले, "वा!"

मी उंबऱ्यात बसून बघत होते. मला दिसत होतं. चाक वळेल तेव्हा टायर कुठं येणार, आणि गाडी ठोकळ्यांवरून खाली उतरून आपल्या वजनानं बसली की टायर किती वर चढणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी बोलले नाही. का बोलू? मला कुणी विचारलं? मी पदरातले शेंगदाणे काढले आणि नीट मांडी घालून बसले.

गाडी उतरवली. दादासाहेब बसले. फाटकातून डावीकडं वळायला त्यांनी सुकाणू पूर्ण फिरवलं, आणि टायरनं नळी अशी धरली जशी म्हैस कडबा धरते. खर्रर्र! तार बाहेर, चिंध्या बाहेर.

साहेब वाकून म्हणाले, "हे ड्रॉइंगमध्ये आलं नव्हतं."

"कसं येईल साहेब?" मी टरफलं झटकली. "तुमच्या ड्रॉइंगात गाडी वळतच न्हाई!"

साहेब संध्याकाळच्या एस्टीनं गेले. जाताना पेन्सिल विसरले. ती माझ्याकडं आहे. मी ती चोरली असं मिस्त्रीचं म्हणणं आहे. असू दे त्याचं म्हणणं.

०

मग काम माझ्याकडं आलं, आणि शेडमध्ये तमाशा झाला.

मी म्हटलं, गाडी जमिनीवर ठेवा. नाकावर पोती टाका, दबू द्या तिला. आता चाक पूर्ण डावीकडं फिरवा. आता पूर्ण उजवीकडं. त्या तिन्ही वेळा मी गोणपाटावर पडून जुनं वर्तमानपत्र आत धरलं, आणि जिथं टायर येतो तिथं कोळशानं खूण केली. मग तो कागद कापला. वाऱ्याचं तोंड रेडिएटरच्या बाजूला, तिथून मान वर जाऊन चाकाच्या दांड्याच्या वरून, आणि मग खाली वळून ब्रेकच्या तबकडीकडं.

कागद फळीवर पसरला तसा मिस्त्री ओरडला, "या रे या! अक्का गाडीला चोळी शिवती!"

सगळे हसले. दादासाहेबही हसले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या, कारण तो खरंच चोळीच्या बाहीचाच बेत होता. मी दुसरं शिकले कुठं होते?

"चोळीच हाय मिस्त्री," मी म्हटलं. "हात वर केला तरी माझी चोळी काखेत फाटत न्हाई. तुमच्या साहेबाची फाटली!"

हसणं थांबलं. मी पत्रा कापला आणि नरसाळं वळलं. ब्रेकजवळच्या तोंडाला डाख दिला नाही, कारण कथलाचा डाख तापला की पाण्यासारखा गळतो. तिथं नुसती दुमड घातली आणि रिबिटा मारल्या. आणि शेवटी पोगरानं, म्हणजे टोकदार टोच्यानं, तीन टिंबं ठोकली, माझ्या प्रत्येक कामावर ठोकते तशी. माझ्या हनुवटीवर गोंदलेली आहेत तशीच, एका ओळीत तीन. सही करायला लोक शिकतात. मी लहानपणापासून तोंडावर घेऊन फिरते!

०

ब्रेकची ती तबकडी साधी नव्हती. दोन पाळ्या, आणि मधे फटी. वारा नेमका कुठं सोडायचा यावर मिस्त्रीचं आणि माझं वाजलं. तो म्हणे, जिथं तापतं तिथं, म्हणजे बाहेरच्या पाळीवर. मला वाटे, मधल्या भोकाशी. पण वाटून काय उपयोग? मला इंग्रजी येत नव्हतं की पुस्तकात बघावं.

मी लोहाराचा भाता मागून आणला. नरसाळ्याच्या तोंडाला लावला, आणि तोंडाशी उदबत्त्यांचा पुडाच पेटवला.

याकोब मिस्त्री ख्रिस्ती. दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर. म्हणाला, "अक्का, गाडीची आरती करता व्हय?"

"करते. तुमाला परसाद न्हाई."

भाता मारला. पाळीवर सोडलेला धूर पाळीवर आपटून माघारी आला, आणि मिस्त्रीच्या डोळ्यात गेला. मग मी तोंड मधल्या भोकाशी नेलं, आणि पुन्हा भाता मारला. धूर आत शिरला आणि तबकडीच्या सगळ्या फटींतून, सगळ्या बाजूंनी, सूर्यफुलासारखा बाहेर आला!

मग दादासाहेब हळूच म्हणाले, "मिस्त्री, हे बघितलंत का?"

मिस्त्रीनं बघितलं होतं. त्याचे कान लाल झाले, ओठ आत गेले, आणि तो उगाचच एक स्वच्छ पाना पुसत बसला. जळणारं माणूस बाहेरून कसं दिसतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. इतकं सुंदर असतं हे मला माहीत नव्हतं!

०

डाव्या बाजूचं एक नरसाळं झालं, तेव्हा दादासाहेब म्हणाले, आधी ह्याचीच परीक्षा घेऊ. नागापूरला तेव्हा एमआयडीसीचे रस्ते झाले होते, कारखाने अजून यायचे होते. सरळ, रुंद, रिकामे रस्ते, आणि त्यावर फक्त शेळ्या.

निघायच्या आधी बघते तर ट्रकच्या ड्रायव्हरनं गाडीच्या नाकाला लिंबू-मिरची बांधलेली. नेमकी माझ्या नरसाळ्याच्या तोंडावर!

"काढा ती," मी म्हटलं. "वारा जायला जागा ठेवा."

"अक्का, नवीन काम हाय, दृष्ट लागंल."

"लागली तर माझीच लागणार, दुसरं हाय कोण? मी सांगते, मी बघत न्हाई तिच्याकडं. काढ!"

आता ब्रेक थंड राहिला की नाही हे कळणार कसं? दादासाहेब म्हणाले, त्याचं यंत्र असतं, मुंबईला मिळतं. मी डाखाचं लोखंड तापवलं. दोन्ही चाकांत, ब्रेकला धरून ठेवणारी जी पोलादी पट्टी असते ती घासून, डाख धरावा म्हणून नवसागर लावला, आणि प्रत्येकीवर डाखाचा एकेक थेंब बसवला. ज्वारीच्या दाण्याएवढा.

"परत आल्यावर थेंब जागेवर असला तर थंड. गळून गेला तर तापला. झालं यंत्र!"

दादासाहेबांनी शेळ्या सांभाळत चकरा मारल्या. परत आल्यावर मी खाली गेले. डावीकडं, माझ्या बाजूला, थेंब चकचकत होता. उजवीकडं काहीच लावलेलं नव्हतं. तिथला थेंब गळून रस्त्यावर कुठंतरी पडला होता.

"अक्का," दादासाहेब म्हणाले, "उद्या उजवीकडचंही करा. परवा ट्रक निघेल."

तेव्हा मी ते बोलले, जे छपरावरून उतरल्या दिवसापासून पोटात होतं.

"करते. पण मी पण येणार."

०

मला ती गाडी पळताना बघायची होती. एवढंच. मी तिला शेळ्यांमधून रमतगमत जाताना पाहिलं होतं. पण विमानपट्टीवर, दहा गाड्यांच्या घोळक्यात, वारा माझ्या पत्र्यातून शिट्टी घालत जातोय, हे मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं. उलथनं न लावता!

दादासाहेब ओशाळले. "अक्का, तीन दिवसांचा रस्ता. ट्रकचा प्रवास. बाईमाणूस... आणि मी रेल्वेनं जाणार. केबिनीत जागा कुठंय?"

"कोण कोण हाय केबिनीत?"

"ड्रायव्हर. मिस्त्री."

"तिसरी जागा?"

मिस्त्री दुसरीकडं बघत म्हणाला, "तिथं जादाचा टायर राहतो. मागं ठिवला तर उन्हानं खराब हुतो."

मी आयुष्यात खूप जणांवर जळले. जावेच्या पाटल्यांवर, शेजारणीच्या विहिरीवर, मिस्त्रीच्या कानावर. पण टायरवर जळायची पाळी त्या दिवशी आली! काळं, गोल, निर्बुद्ध. त्याला मद्रासचं तिकीट, आणि मला नाही!

मी उजवीकडच्या पट्टीवर नवा थेंब बसवला आणि तिकडचं नरसाळं केलं. सुरेख झालं. मग ते दादासाहेबांना दाखवलं, त्यांच्या डोळ्यांदेखत फडक्यात गुंडाळलं, घरी नेलं, आणि ट्रंकेत घालून कुलूप लावलं.

"टायर न्या," म्हटलं. "त्याच्याकडूनच करून घ्या दुसरं."

याकोब मिस्त्री मागून म्हणाला, "मालक, फिकीर न्हाई. एक नमुना गाडीला हाय. बघून तस्संच दुसरं करतो. पत्र्याचं काम ते काय!"

तस्संच! मी फाटकाशी थांबले. या वेळी बोलायचं की शेंगदाणे खायचे, क्षणभर विचार केला. मग म्हटलं, "मिस्त्री, कापायच्या आधी रूथबाईला विचारा."

रूथबाई त्याची बायको. दारात मशीन होतं तिच्या, निम्म्या नगरची पोलकी शिवायची.

"गाडीच्या कामात बायकोला काय इचारायचं?" मिस्त्री म्हणाला.

०

ट्रक गेला, आणि मी घरी बसले. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. एका बंबाची तोटी उलटी बसवली. एक चाळण केली, तिला भोकं पाडायचीच राहिली.

नवरा तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आता पोचला आसंल."

"कोण?"

"तुझा पत्रा. मद्रास बघत आसंल. समुद्र बघत आसंल."

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्याच्यावर राग नव्हता. पण माझ्याच हातानं कापलेल्या पत्र्यावर मी जळत होते, हे त्याला न बघता कसं दिसलं?

०

ट्रक परत आला ती दुपारची वेळ. मी शेडवर सहज गेले होते. सहज म्हणजे चार दिवस रोज सहज जात होते.

मिस्त्री उतरला. माझ्याकडं न बघता मागं गेला. गाडी उतरवली. दादासाहेब त्याच सकाळी रेल्वेनं आले होते आणि ट्रकची वाट बघत खुर्चीवर बसले होते. दोन्ही हातांना फडकी बांधलेली.

मी गोणपाट टाकलं आणि गाडीखाली गेले.

डावीकडं. थेंब जागेवर! ज्वारीचा दाणा जसाच्या तसा. माझी दुमड घट्ट, तीन टिंबं धुळीतसुद्धा दिसत होती.

मग उजवीकडं सरकले. थेंबाचा पत्ता नव्हता, पट्टी निळीकाळी पडलेली. आणि वर मिस्त्रीचं नरसाळं. त्यानं माझं बघून तस्संच केलं होतं, कापापर्यंत, वळणापर्यंत, अगदी तस्संच. म्हणजे पुन्हा डावंच! उजवीकडं बसेना, तेव्हा उलटं करून बसवलेलं. दांड्याच्या वरून जायची मान खालून गेलेली, रस्त्याला घासून चपटी झालेली. वारा जायला फट राहिली होती ती नखाएवढी.

आणि त्या चपट्या पत्र्यावर, एका ओळीत, तीन टिंबं!

"मिस्त्री!" मी गाडीखालूनच ओरडले. "माझी हनुवटी बी चोरली?"

"तस्संच करायचं म्हनल्यावर टिंबं बी आलीच," मिस्त्री बाहेरून पुटपुटला.

"मी म्हणाले रूथबाईला विचारा!"

"इचारलं," तो म्हणाला. "आता येताना वाटेत घरी उतरलो, तवा इचारलं."

"काय म्हणाली?"

मिस्त्रीच्या पायानं धुळीत एक रेघ ओढली. मग म्हणाला, "म्हनली, दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या तर गिऱ्हाईक पोलकं तोंडावर मारतं."

मी बाहेर आले. हसायचं होतं, पण दादासाहेब उठून समोर आले. त्यांनी हातांची फडकी सोडली. दोन्ही तळव्यांना फोड.

"सहाव्या चकरेला उजवा ब्रेक गेला," ते म्हणाले. "तुमच्या बाजूचा डावा शाबूत होता. त्यामुळं पुढची सगळी शर्यत एकच. ब्रेकवर पाय दिला की गाडी डावीकडं. पुन्हा पाय दिला की पुन्हा डावीकडं. मी सगळा जोर लावून तिला उजवीकडं धरतोय, आणि ती आपली अक्काच्या बाजूला! अक्काच्या बाजूला! हे बघा हात."

"कितवे आलात?"

"पाचवा. पहिल्यांदा कुणाच्या तरी पुढं आलो."

मी घरी गेले, ट्रंक उघडली, फडकं सोडलं. उजवीकडचं नरसाळं होतं तसं होतं. परत गुंडाळलं, परत कुलूप लावलं.

पुढची शर्यत दीड महिन्यानं होती. मला कुणी बोलावलं नाही, मी कुणाला विचारलं नाही. ट्रक निघायच्या दिवशी सकाळी मी फडक्यातलं नरसाळं काखेत, लुगड्याचं बोचकं हातात, अशी शेडच्या फाटकात जाऊन उभी राहिले. दादासाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग मिस्त्रीकडं बघितलं, आणि आत निघून गेले.

याकोब मिस्त्री केबिनीत चढला. जादाचा टायर दोन्ही हातांनी उचलला आणि मागं उन्हात टाकला. डांगरीच्या खिशातलं फडकं काढून सीट पुसली. एकदा पुसली, दुसऱ्यांदा पुसली. मग खाली उतरला, माझ्या हातातलं बोचकं घेतलं, आणि ट्रकच्या चाकाकडं बघत मला म्हणाला, "मिस्त्री, मधी बसता का खिडकीशी?"

"डावीकडं," मी म्हटलं.